दहावीच्या पेपरात तेर कुठे आहे?

प्रति,
मा. संचालक, महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती), पुणे
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे
मा. अध्यक्ष, लातूर विभागीय मंडळ
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, धाराशिव



गेल्या डिसेंबरात दहावीची अठ्ठावीस मुलं घेऊन मी तेरला गेलो होतो. आमचं गाव कळंब तालुक्यातलं. ढोकीला एसटी बदलून आम्ही दहाच्या सुमाराला तेरमध्ये उतरलो आणि रामलिंगप्पा लामतुरे शासकीय संग्रहालयात दोन तास होतो. केओलिनच्या पांढऱ्या मातीच्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्या, मणी, दिवे, भांड्यांचे तुकडे. मुलं आधी भराभर पुढे गेली, मग एकेक करून मागे फिरली. वर्गात एक मुलगी आहे. तिचे आईवडील दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्याला जातात, ती आजीजवळ राहून शिकते. हस्तिदंताच्या एका लहानशा स्त्रीमूर्तीसमोर ती बराच वेळ उभी होती. मी तिला सांगितलं, अगदी अशाच धाटणीची भारतीय हस्तिदंती मूर्ती इटलीतल्या पाँपेई शहरात सापडली आहे. इसवी सन ७९ मध्ये ते शहर व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याच्या आधी तिथे पोचलेली होती. मुलीने दप्तरातून वही काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि विचारलं, "सर, ह्याच्यावर पेपरात काही येतंय का?"

मी म्हटलं, नाही.

तिने टोपण लावलं आणि वही दप्तरात ठेवली. तिचं काहीच चुकलं नव्हतं. दहा विषयांचं ओझं, घरी आजी, डोक्यावर फेब्रुवारी-मार्चची परीक्षा. अशा मुलीने कशावर वेळ घालवावा याचा तिचा हिशेब बरोबर होता. तो हिशेब तिच्यासमोर आपण ठेवला आहे, म्हणून हे पत्र आपल्याला.

आधी एक गोष्ट मनापासून सांगतो. २०१८ साली दहावीचं नवं इतिहासाचं पुस्तक हातात आलं तेव्हा मला आनंद झाला होता. लढाया आणि सनावळ्या यांच्या पलीकडे जाऊन इतिहास लिहिला कसा जातो, साधनं कशी तपासतात, संग्रहालय आणि अभिलेखागार म्हणजे काय, कला, खेळ, पर्यटन, प्रसारमाध्यमं यांना इतिहास कसा लागतो, हे पंधरा वर्षांच्या मुलांना सांगायचं धाडस त्या पुस्तकाने केलं. 'उपयोजित इतिहास' या धड्यात 'जनांसाठी इतिहास' ही कल्पना आहे. धाराशिवसारख्या जिल्ह्यातल्या शिक्षकाला याहून मोठं निमंत्रण कोणतं असणार?

पण पुस्तक वर्गात येतं आणि तिथून प्रश्नपत्रिकेपर्यंत जाताना त्याचं काय होतं ते पाहा. इतिहासाला २८ गुण, राज्यशास्त्राला १२. योग्य पर्याय निवडा, चुकीची जोडी ओळखा, संकल्पनाचित्र, टीपा, कारणे, उतारा, सविस्तर उत्तर. साधनांची चिकित्सा करावी असं म्हणणारा रांके कोण, हे विचारलं जातं. चिकित्सा करायला मात्र एकही साधन मुलासमोर ठेवलं जात नाही. मोनालिसा कोणत्या संग्रहालयात आहे हे आमच्या मुलांना पाठ असतं, लुव्र आणि ब्रिटिश म्युझियम यांच्यावर टीपाही लिहिता येतात. उताऱ्याचा प्रश्न ४ गुणांचा, आणि तो उतारा पाठ्यपुस्तकातलाच असल्यामुळे अर्धी मुलं तो न वाचता उत्तरं लिहितात. बाजारातली गाइडं आणि 'अपेक्षित' याच चाकोरीवर चालतात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पेपर जे मागतो ते ती पुरवतात. मीसुद्धा कित्येक वर्षं फळ्यावर 'अपेक्षित'मधलीच उत्तरं उतरवून दिली आहेत. मुलं पास झाली. आज त्यांच्यापैकी कुणाला त्यातलं काही आठवत असेल असं मला वाटत नाही.

आता तेरकडे या. इतिहासकार काम कसं करतो हे शिकवायला याहून चांगला धडा मला माहीत नाही. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या ग्रीक प्रवासग्रंथात तगर नावाच्या दख्खनच्या व्यापारी शहराचा उल्लेख आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ते आहे, आणि तिथलं कापड, मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जातं, असं तो लेखक सांगतो. टॉलेमीलाही हे नाव माहीत होतं. शिलाहार राजे शतकानुशतकं स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत होते. शहराचं नाव सगळीकडे होतं, शहर मात्र कुठे होतं ते कुणाला ठाऊक नव्हतं. एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांपैकी कुणी देवगिरी म्हटलं, कुणी जुन्नर. मग १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी नावाचा अपभ्रंश, दिशा आणि अंतरं यांचा मेळ घालून तगर म्हणजे तेर असं मांडलं. त्यानंतर हेन्री कझिन्स यांनी इथली जुनी देवळं पाहून नोंदवली आणि पुढे १९५८ साली उत्खनन झालं. फ्लीट यांनी कागदावर मांडलेलं जमिनीने खरं ठरवलं.

आणि हे सगळं होत असताना तेरमधले रामलिंगप्पा लामतुरे पांढरीत सापडणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षं गोळा करत होते. आजचं संग्रहालय त्या संग्रहावर उभं आहे. 'जनांसाठी इतिहास' याचं उदाहरण शोधायला पुस्तकाला इराकमधल्या उर शहरातल्या प्राचीन संग्रहालयापर्यंत जावं लागतं. जाऊ द्या, ते उदाहरणही सुंदर आहे. पण आमच्या मुलांना तसं उदाहरण ढोकीच्या पुढच्या थांब्यावर भेटतं.

त्याच गावात त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ आहे, मागची बाजू अर्धगोल. ते मुळात चैत्यगृह असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच गावात गोरोबाकाकांची समाधी आहे. सातवाहनकाळातल्या मातीच्या बाहुल्या आणि संत गोरा कुंभार एकाच गावचे, हे लक्षात आलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे इथली मातीच तशी असंल." हे वाक्य मी त्याला वहीत लिहायला लावलं. त्याने अनुमान काढलं होतं. ते बरोबर की चूक हे कसं तपासायचं यावर परतीच्या एसटीत वाद झाला, आणि माझ्या नोकरीतला तो सर्वांत चांगला तास होता.

दुसरं उदाहरण नळदुर्गचं. पर्यटनाच्या आणि जतनाच्या धड्यांसाठी तिथला पाणीमहाल आहेच. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात काढलेला तो महाल. पण मला सांगायचंय ते १३ सप्टेंबर १९४८ बद्दल. त्या दिवशी भारतीय फौजा सोलापूरकडून हैदराबादच्या वाटेने निघाल्या आणि पहिली मोठी चकमक नळदुर्गला झाली. हवालदार बचित्तर सिंग यांना इथे वीरमरण आलं आणि पुढे मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. दर १७ सप्टेंबरला आमच्या शाळेत मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन होतं, भाषणं होतात. हे नाव त्या भाषणांत मी क्वचितच ऐकलं आहे. स्वामी रामानंद तीर्थांचं नाव सगळ्या मुलांना येतं, पण ते याच जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक होते हे किती मुलांना माहीत आहे?

याच विषयाला दुसरी बाजू आहे आणि ती टाळून इतिहास शिकवता येत नाही. रझाकारांनी गावं लुटली, माणसं मारली, त्याच्या आठवणी आजही घराघरांत आहेत. सप्टेंबर १९४८ च्या त्या पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांत मुस्लिम वस्त्यांवर जे ओढवलं ते पाहायला केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती पाठवली. अनेक दशकं अप्रकाशित राहिलेल्या तिच्या अहवालात सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं, म्हणजे आजच्या धाराशिवचं, नाव आहे. माझ्या वर्गात दोन्ही आठवणींची नातवंडं एका बाकावर बसतात. त्यांच्या हाती साधनं दिली नाहीत तर ती मोबाइलवर येणाऱ्या निनावी चित्रफितींवरून आपला इतिहास ठरवतील. ठरवतही आहेत. एकाच घटनेची दोन साधनं शेजारी ठेवून कोणतं कुणी, केव्हा, कशासाठी लिहिलं हे विचारायची सवय दहावीत लागली नाही, तर पुढे ती कुठे लागणार?

आणि २०२३ च्या शरदातली ती धामधूम आठवा. न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्यांत निजामकाळातली दप्तरं उघडली गेली. मोडी वाचणारा कुठे मिळेल, उर्दू-फारसी वाचणारा कुठे मिळेल, याची शोधाशोध सुरू झाली. गावच्या पारावर माणसं 'नोंद', 'खासरा', 'दप्तर' हे शब्द बोलू लागली. मराठा आरक्षणाच्या त्या मागणीबद्दल कुणाचं मत काहीही असो, जुन्या कागदाची किंमत इतक्या लोकांना एकाच वेळी कळल्याचा दुसरा प्रसंग मी पाहिलेला नाही. आमची दहावीची मुलं त्याच महिन्यांत 'अभिलेखागार म्हणजे काय' याचं दोन ओळींचं उत्तर पाठ करत होती. त्यांच्यापैकी एकानेही मोडी अक्षर जवळून पाहिलेलं नव्हतं.

परंड्याच्या किल्ल्यावरून १६३२ मध्ये विजापूरला नेलेली मलिक-ए-मैदान तोफ, धाराशिव शहराजवळची लेणी, तुळजापुरातलं गोंधळ्यांचं संबळ, खेळांच्या धड्यासाठी २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारी आपल्याच जिल्ह्याची खो-खोपटू सारिका काळे, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप ज्यांनी सास्तूरमध्ये सोसला त्यांच्या तोंडून ऐकलेल्या हकिकती. यादी वाढवत नाही. एवढंच सांगतो की दहावीच्या पुस्तकातला एकही धडा असा नाही ज्याला या आठ तालुक्यांतलं साधन मिळणार नाही.

मग अडतं कुठे? साधनं आहेत, पण मुलाच्या हातात येतील अशा रूपात ती नाहीत. पुस्तकावर क्यूआर कोड आहेत, ई-बालभारतीवर पुस्तकं आहेत, ते काम चांगलं आहे. पण घरात एकच मोबाइल असतो आणि तो आईवडिलांबरोबर फडावर गेलेला असतो. कळंब, वाशी, भूम, परंडा या पट्ट्यात ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च हा ऊसतोडीच्या हंगामाचा काळ, आणि नेमका तोच दहावीच्या तयारीचा. आठवीपर्यंत पुस्तकं मोफत मिळतात, नववी-दहावीची विकत घ्यावी लागतात. पुस्तकात पैसे गेल्यावर जे उरतात त्यातून घरचे 'अपेक्षित' आणतात, कारण गुण त्यातून मिळतात. अशा मुलाला लागतो कागद. दप्तरात मावणारा, वीज नसताना वाचता येणारा, फुकट मिळणारा.

म्हणून बालभारतीकडे माझी पहिली मागणी अगदी लहान आहे. प्रत्येक जिल्ह्यासाठी चाळीस पानांची, साध्या कागदावर काळ्या शाईत छापलेली एक साधनपुस्तिका काढा. पुरातत्त्व आणि पुराभिलेख संचालनालयांना सोबत घ्या. एका पानावर एक साधन: वस्तूचा फोटो, मोडी कागदाची प्रत आणि शेजारी वाचन, उर्दू फर्मानाचा तर्जुमा, परक्या प्रवाशाच्या वर्णनाचा मराठी अनुवाद. १८५० च्या दशकात नळदुर्गला कारभारी असलेल्या मेडोज टेलरने आपल्या आत्मचरित्रात या मुलखाबद्दल पुष्कळ लिहून ठेवलं आहे. ते आमच्या मुलांपर्यंत कधी पोचणार? खाली ते साधन आज कुठे ठेवलेलं आहे ते लिहा आणि तीन प्रश्न द्या. उत्तरं देऊ नका. उत्तरं दिलीत की ते गाइड झालं.

राज्य मंडळाकडे मागणी त्या ४ गुणांच्या उताऱ्याची. तो पाठ्यपुस्तकाबाहेरचा, न पाहिलेला असू द्या. दहा ओळींचं एखादं साधन छापा आणि विचारा: हे कुणी लिहिलं असावं, यातून काय कळतं, काय कळत नाही, आणखी कोणतं साधन पाहावं लागेल? मला उत्तर मिळेल की पेपर सगळ्या राज्याला एकच असतो, तेरवरचा उतारा आला तर गडचिरोलीच्या मुलावर अन्याय होईल. होणार नाही. साधन प्रश्नपत्रिकेतच छापलेलं असेल, माहिती सगळ्यांना सारखीच असेल, तपासायची आहे ती वाचण्याची सवय. गडचिरोलीचा उतारा आला तर माझ्या मुलांनाही तो वाचता आला पाहिजे. भाषेच्या पेपरात अपठित उतारा असतोच, त्याने कुणाचं नुकसान झाल्याचं ऐकिवात नाही. २८ पैकी ४ गुण बदलले तर गाइडं बदलतील आणि गाइडांबरोबर हजारो वर्ग बदलतील. शिक्षकांच्या शंभर प्रशिक्षणांनी जे होत नाही ते प्रश्नपत्रिकेतल्या एका बदलाने होतं, हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता.

लातूर मंडळाला एवढंच सांगेन की तपासणीच्या वेळी नमुना उत्तराशी शब्द जुळले नाहीत म्हणून गुण कापायची आमची सवय मोडायला तुमची मदत हवी. मुलाने कारण देऊन वेगळं अनुमान काढलं तर गुण द्यायचे, असं लेखी आलं पाहिजे. तोंडी सांगितलेलं नियामकांच्या बैठकीतून बाहेर पडेपर्यंत विरून जातं. सामाजिक शास्त्रांच्या १०० पैकी २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत. त्यातला एक उपक्रम 'गावातल्या एका साधनाची नोंद' असा ठरवून द्या. वीरगळ, आजोबांची जुनी पावती, बारवेची मापं, भूकंपाची आठवण, काहीही. नवे गुण मी मागत नाही.

शिक्षणाधिकारी साहेब, आपल्याकडे मागणी एका पेटीची. तेरच्या निवडक वस्तूंच्या मातीतल्या प्रतिकृती, परंड्याचा आणि नळदुर्गचा नकाशा, मोडीची मुळाक्षरं, लेण्यांचे मोठे फोटो. अशी एक पेटी प्रत्येक तालुक्याला दिली तर आठ पेट्यांत जिल्हा होतो. ती शाळा-शाळांत महिनाभर फिरावी. ज्यांना तेरला मुलं नेता येत नाहीत, आणि अशा शाळाच जास्त आहेत, त्यांच्याकडे तेर जाईल. प्रतिकृती करायला कुंभार तेरमध्येच मिळतील.

घाई का करतो आहे तेही सांगतो. एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयात नव्या अभ्यासक्रमाचं टप्प्याटप्प्याचं वेळापत्रक दिलं आहे, त्यात दहावीची पाळी २०२८-२९ ला येते. पुस्तकं त्याच्या आधी दोन वर्षं आकार घेऊ लागतात. म्हणजे बोलायची वेळ आत्ताची आहे. पुस्तक छापून आल्यावर शिक्षकांच्या सूचना मागवण्याचा अनुभव आम्ही घेतला आहे. या वेळी समितीत बसणाऱ्यांनी लिहायला सुरुवात करण्यापूर्वी मराठवाड्यातल्या चार-पाच वर्गांत जाऊन बसावं.

आम्ही काही शिक्षक हातावर हात ठेवून बसलेलो नाही. तीन शाळांतल्या चार जणांनी मिळून बारा साधनांचे बारा कागद तयार केले आहेत, गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून प्रती काढून मुलांना वाटतो. पेरिप्लसमधल्या तगरच्या वर्णनाचा अनुवाद त्यात आहे, १३ सप्टेंबरचं टिपण आहे, एका मोडी खरेदीखताची प्रत आहे. फोटो झेरॉक्समध्ये काळे पडतात, हस्तिदंती मूर्तीचा तर नुसता डाग दिसतो. छापायला योग्य असा फोटो आणि तो छापायची परवानगी मिळवायला एका कार्यालयात अर्ज दिला त्याला चौदा महिने झाले. हे बाराही कागद या पत्रासोबत जोडले आहेत. त्यात चुका असतील, त्या दुरुस्त करून कळवाव्यात. आमच्या मेहनतीवर आमचा काही हक्क नाही, हवे तसे वापरा.

येत्या डिसेंबरात पुन्हा मुलांना घेऊन तेरला जाणार आहे. तारीख शाळेच्या सहामाही परीक्षेनंतर ठरते, ती कळवीन. आपल्यापैकी कुणाला यायला जमलं तर कृपया यावं, कळंबहून येणारी पहिली एसटी पोचण्याआधी मी ढोकीच्या स्टँडवर असेन. आणि त्याआधी मूर्तीच्या फोटोचं तेवढं पाहावं. या वर्षीच्या मुलांनी वही उघडलीच, तर त्यात चिकटवायला काहीतरी असलं पाहिजे.

आपला नम्र,
दहावीचा एक इतिहास शिक्षक
कळंब तालुका, जि. धाराशिव